रात्रीच्या आकाशातील द्विवचन : बॉब ब्रॅहम याच्या वैमानिकी जीवनाविषयी

दोन्ही महायुद्धांतील हवाई लढायांवर जे विपुल लेखन झाले आहे त्यात 'एक्का' या शब्दाला मोठा मान आहे. पहिल्या महायुद्धात फ्रेंच वृत्तपत्रांनी हा शब्द पत्त्यांच्या डावातून उचलला; पाच किंवा त्याहून अधिक शत्रुविमाने पाडणाऱ्या वैमानिकास तो बहाल करण्याची रीत पुढे रूढ झाली. मराठीत तो उतरवताना आपणांस सायास पडत नाहीत, कारण 'हुकमाचा एक्का' आपल्या बोलण्यात पूर्वीपासून आहेच. परंतु शब्दाची घडण येथे अगदी निरुपद्रवी आहे असे मात्र नाही. एक्का म्हणजे एक. पराक्रम एकाचा, संख्या एकाच्या नावावर, पदके एकाच्या छातीवर. दिवसा एकट्याने उडवावयाच्या विमानाच्या बाबतीत हे ठीक होते. रात्रीच्या लढाईत मात्र विमानाला आसने दोन होती, आणि पुढच्या आसनावरील माणसाला मागच्या आसनावरील माणसाने सांगितल्याखेरीज शत्रू दिसतच नव्हता. अशा लढाईचा इतिहास एकवचनात लिहिला म्हणजे काय सुटते, याचा विचार प्रस्तुत लेखात एका विशिष्ट वैमानिकाच्या निमित्ताने करावयाचा आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने युद्धेतिहासाच्या प्रांतात शिरावे काय, असा प्रश्न कोणी विचारील. माझे उत्तर इतकेच की या लढाईचे मुख्य साधन तोफेइतकेच बोलणे हेही होते.

जॉन रँडल डॅनिअल ब्रॅहम, ज्याला सारे 'बॉब' म्हणत, याचा जन्म ६ एप्रिल १९२० रोजी इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात झाला. वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. पहिल्या महायुद्धात त्यांनी स्वतः विमान चालविले होते. शालेय परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर हा मुलगा लँकेशायरमधील विगन येथे पोलीस खात्यात कारकून म्हणून चिकटला. पूर्ण शिपाई होण्यासाठी लागणारे वय झालेले नसलेल्या मुलाला आधी लेखनकामावर घ्यावे आणि पुढे दलात सामावून घ्यावे, असा प्रघात काही इंग्लिश पोलीस दलांत होता. विगन हे कोळशाच्या खाणींचे आणि कापडगिरण्यांचे गाव. मंदीने त्या भागाची काय दशा करून ठेवली होती हे जॉर्ज ऑर्वेल याच्या १९३७ मधील पुस्तकामुळे जगाला ठाऊक झाले. त्या पुस्तकाच्या सामग्रीसाठी ऑर्वेल १९३६ च्या आरंभी विगनमध्ये राहिला होता. तोही पूर्वाश्रमीचा पोलीस, ब्रह्मदेशातील नोकरी सोडून आलेला, हा योगायोग सहज नोंदविण्याजोगा आहे. अशा गावी, अशा काळी, सरकारी पगाराची नोकरी ही साधी गोष्ट नव्हती. ती हातची सोडणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वेड्यात काढले असते तर नवल नव्हते.

ब्रॅहमने ती सोडली, आणि त्याचे कारण त्याने स्वतः दिले आहे ते अगदी साधे आहे: त्याला कंटाळा आला. त्याच सुमारास ब्रिटिश वायुदलाची वाढ वेगाने चालू होती आणि 'अल्पमुदत अधिकारपद' या योजनेखाली तरुणांना चार वर्षांसाठी वैमानिक म्हणून घेण्यात येत होते. क्रॅनवेल येथील वायुदलाच्या महाविद्यालयात मुलगा पाठवावयाचा तर पालकांना फी भरावी लागे. अल्पमुदतीच्या मार्गाने जाणाऱ्यास ती अडचण नव्हती. ही योजना मूळची ह्यू ट्रेंचर्ड याची. वायुदलाचा शिल्पकार म्हणून ओळखला जाणारा हाच गृहस्थ १९३१ ते १९३५ या काळात लंडनच्या पोलीस दलाचा आयुक्त होता आणि १९३४ मध्ये हेंडन येथे पोलीस महाविद्यालय त्यानेच काढले. पोलीसचौकीतून विमानतळाकडे जाणारी वाट आज आपणांस वाटते तितकी आडवळणाची त्या काळी नसावी. दोन्ही दले गणवेशाची, दोन्हींत नोंदवह्यांना अतोनात महत्त्व, आणि दोन्हींवर एकाच माणसाचा ठसा. आणखी एक गोष्ट. युद्ध सुरू झाल्यावर पोलिसाची नोकरी राखीव व्यवसायांत मोडू लागली. वायुदलात उड्डाणसेवेसाठी स्वेच्छेने जाण्याची मुभा पोलिसांना मिळाली ती १९४१ मध्ये. ब्रॅहम विगनलाच राहिला असता तर ज्या दोन वर्षांत त्याने आपला धंदा शिकून घेतला ती दोन वर्षे त्याच्या हातून गेली असती.

१९३७ च्या अखेरीस त्याने अर्ज केला, १९३८ च्या वसंतात प्रशिक्षण सुरू झाले आणि त्याच वर्षाच्या शेवटी तो २९ क्रमांकाच्या पथकात दाखल झाला. हे पथक पुढे ब्लेनहाइम विमानांवर रात्रीची गस्त घालू लागले. ब्लेनहाइम हे मूळचे बाँबफेकी विमान. पोटाखाली मशीनगन्स जोडून त्याला लढाऊ म्हणविले गेले, इतकेच. ज्यांचा पाठलाग करावयाचा ती जर्मन विमाने कित्येकदा त्याच्याहून वेगवान असत. ऑगस्ट १९४० मध्ये ब्रॅहमला पहिले यश मिळाले ते शोधदीपांच्या झोतात शत्रू सापडला म्हणून. पुढे मार्च १९४१ पर्यंत दुसरे यश नाही. सात महिने, रात्रीमागून रात्र, काळोखात रिकामे फिरणे. ७ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर ओळीने सत्तावन्न रात्री बाँब पडत होते, आणि ज्यांनी ते थांबवावयाचे त्या वैमानिकांना काहीही दिसत नव्हते. 'रात्रीचा वैमानिक' ही संज्ञाच त्या हिवाळ्यात थट्टेचा विषय व्हावी अशी परिस्थिती होती.

ती बदलली तीन गोष्टींनी. एक, ब्यूफायटर हे भक्कम, दोन इंजिनांचे विमान: नाकाखाली वीस मिलिमीटरच्या चार तोफा, पंखांत सहा मशीनगन्स. दुसरी, त्या विमानात बसविलेले रडार. तिसरी, भूमीवरील नियंत्रणकेंद्रे, जी १९४१ च्या आरंभापासून कामास लागली. केंद्रातील नियंत्रक आपल्या पडद्यावर शत्रू आणि आपले विमान दोन्ही पाहत असे आणि वैमानिकाला शत्रूच्या पाठीमागे काही मैलांवर आणून सोडत असे. तेथून पुढचे काम विमानातील रडारचे, म्हणजे ते वाचणाऱ्या माणसाचे. या माणसाला इंग्रजीत आधी नुसताच 'ऑपरेटर' म्हणत, पुढे 'नॅव्हिगेटर' म्हणू लागले. मराठीत त्याला 'दिग्दर्शक' म्हणावे तर तो शब्द चित्रपटवाल्यांनी कधीच पळविला आहे, आणि 'वाटाड्या' म्हणावे तर यंत्राचा बोध होत नाही. तेव्हा 'नॅव्हिगेटर' हाच शब्द येथे ठेवतो.

नॅव्हिगेटर विमानाच्या मध्यावर, काचेच्या घुमटाखाली बसे. त्याच्यापुढे दोन लहान नळ्यांचे पडदे. एकावरून शत्रू डावीकडे की उजवीकडे हे कळे, दुसऱ्यावरून वर की खाली. हिरवट रेषेवर उमटणारा एक टिपका, आणि त्या रेषेच्या कडेला जमिनीवरून परतलेल्या लहरींचा गोंधळ. विमान जितक्या उंचीवर असेल तितक्याच अंतरापर्यंत हे यंत्र पाहू शके. त्यापलीकडचे सारे जमिनीच्या प्रतिध्वनीत बुडून जाई. अगदी जवळ, सुमारे चारशे फुटांच्या आत, ते पुन्हा आंधळे होई. या दोन मर्यादांच्या मधली जी पट्टी तेवढीच नॅव्हिगेटरची सत्ता. आरंभीच्या ब्यूफायटरांत तोफांचे गोळे साठ-साठांच्या पेट्यांत असत आणि त्या पेट्या रिकाम्या झाल्या की काळोखात, विमान वळणे घेत असताना, बदलण्याचे कामही त्याच्याकडेच होते.

या दोघांतील संभाषणाचे स्वरूप भाषाशास्त्राच्या दृष्टीने लक्ष देण्याजोगे आहे. भूमीवरील नियंत्रकाची बोली ठरीव संज्ञांची: 'व्हेक्टर' म्हणजे अमुक अंशांच्या दिशेने जा, 'एंजल्स' म्हणजे हजार फुटांची उंची, 'बस्टर' म्हणजे पूर्ण वेगाने, 'बँडिट' म्हणजे निश्चित शत्रू आणि 'बोगी' म्हणजे अनोळखी. हे शब्द मुद्दाम घडविलेले. दुरून, खरखरीतून, चुकीचे ऐकू येऊ नयेत म्हणून निवडलेले. विमानाच्या आतली बोली याहून वेगळी. ती कोणी ठरवून दिली असली तरी प्रत्येक जोडी ती आपल्यापुरती घडवीत असे. तिच्यात क्रियापद जवळजवळ नाहीसे होते. उरतात दिशा, अंतर, आणि त्यांच्यातील फरक: डावीकडे, अजून डावीकडे, पुरे, वर, दोन हजार फूट, वेग उतरव. आणि हे अखंड चालले पाहिजे. सामान्य संभाषणात शांतता म्हणजे सांगण्यासारखे काही नाही. येथे शांततेचा अर्थ शत्रू हातून गेला असा होई. म्हणून नॅव्हिगेटरला सतत बोलत राहण्याचे शिक्षण असे. वैमानिकाने 'दिसला' एवढा एक शब्द उच्चारला की तो थांबे. आपल्या व्याकरणांतून उदाहरण घ्यावयाचे तर ज्या वाक्याचा कर्ता एका आसनावर आणि क्रिया दुसऱ्या आसनावर अशी ही रचना आहे. संस्कृतात अशा जोडीसाठी द्विवचन होते. प्राकृतांनी ते टाकले, आणि मराठीला ते वारशात मिळाले नाही.

ब्रॅहमचा नॅव्हिगेटर १९४१ पासून विल्यम ग्रेगरी हा होता. वायुदलात येण्यापूर्वी तो डेब्रॉय सॉमर्स याच्या नृत्यसंगीताच्या वाद्यवृंदात ढोल वाजवीत असे. म्हणून त्याचे टोपणनाव 'स्टिक्स', म्हणजे टिपऱ्या. वयाने तो ब्रॅहमहून काही वर्षांनी मोठा, हुद्द्याने मात्र सार्जंट. याचा व्यवहारातील अर्थ असा की विमान उतरले की दोघांची भोजनगृहे वेगळी. रात्रभर एकाच्या आवाजावर दुसऱ्याचा जीव, आणि पहाटे एकाने या दाराने जावयाचे तर दुसऱ्याने त्या. पदकांतही तोच भेद होता. एकाच लढाईबद्दल अधिकाऱ्याला मिळावयाचा तो 'क्रॉस', सार्जंटला मिळावयाचे ते 'मेडल'. ग्रेगरीला प्रथम मेडलच मिळाले. पुढे तो अधिकारी झाल्यावर क्रॉस आला. वायुदलाच्या छापील उड्डाणवहीतही हेच दिसते. वैमानिकाच्या वहीत स्वतःच्या नावाशेजारचा जो रकाना असे त्याचे शीर्षक 'दुय्यम वैमानिक, शिकाऊ किंवा उतारू' असे होते. ज्याच्या बोलण्यावाचून शत्रूचे विमान सापडलेच नसते त्याचे नाव लिहिण्याची जागा ती. जुन्या कागदपत्रांवर काम करणाऱ्यास ठाऊक असते की रकान्याचे शीर्षक हे निर्दोष नसते. काय मोजावयाचे हे ते आधीच ठरवून टाकते.

या एकवचनी इतिहासाला आणखी एक कारण होते, आणि ते सरकारी होते. विमानात रडार आहे ही गोष्ट शत्रूपासून लपवावयाची होती. १९४०-४१ च्या हिवाळ्यात जॉन कनिंगहॅम या वैमानिकाने रडारच्या साह्याने विमाने पाडावयास सुरुवात केली तेव्हा वृत्तपत्रांना सांगण्यात आले की त्याची दृष्टी मांजरासारखी आहे. गाजरे खाल्ल्याने रात्रीची दृष्टी सुधारते ही समजूतही त्याच काळी जोमाने पसरविण्यात आली. गाजराची कथा आज विनोद म्हणून सांगतात. परंतु तिचा परिणाम विनोदी नव्हता. यश जर डोळ्यांचे, तर ते एकाचे. यंत्र लपविले की यंत्र वाचणारा माणूसही आपोआप लपला. युद्धोत्तर काळात गुप्तता उठली, तरी कथेची घडण तशीच राहिली.

डिसेंबर १९४२ मध्ये, बावीस वर्षांचा असताना, ब्रॅहमकडे १४१ क्रमांकाच्या पथकाचे नेतृत्व आले. याच पथकाकडे जून १९४३ मध्ये एक नवी कामगिरी सोपविण्यात आली. तोवर रात्रीचे लढाऊ विमान स्वदेशाच्या आकाशाचे रक्षण करी. आता त्याने जर्मनीवर जाणाऱ्या ब्रिटिश बाँबफेकी विमानांच्या सोबत जाऊन, त्यांच्यावर टपलेल्या जर्मन लढाऊ विमानांची शिकार करावयाची होती. त्यासाठी 'सेरेट' नावाचे उपकरण दिले गेले. जर्मन विमानांवरील 'लिश्टेनश्टाइन' नावाच्या रडारमधून ज्या लहरी निघत त्या ओळखून त्यांच्या उगमाची दिशा हे उपकरण दाखवी. म्हणजे जर्मन वैमानिक ज्या दिव्याने शोधत होता तोच दिवा त्याचा ठावठिकाणा सांगत होता. नाव कसे पडले तेही पाहण्याजोगे आहे. पडद्यावर उमटणारी आकृती माशाच्या काट्यासारखी, करवतीच्या दात्यांसारखी दिसे. त्या दातेरीपणावरून 'सेरेट'. जर्मन बाजूला आपल्या रडारला 'एमिल-एमिल' म्हणत, ब्रिटिश बाँबफेक्याला 'कुरिअर' म्हणजे जासूद, आणि मी हल्ला करीत आहे हे सांगावयाचे तर 'पाउके, पाउके', म्हणजे नगारा, नगारा. ढोल वाजविणारा ग्रेगरी ज्यांच्या शोधात होता त्यांची आरोळी नगाऱ्याची असावी, हा इतिहासाचा नव्हे तर शब्दकोशाचा विनोद.

सेरेटने दिशा कळे, अंतर कळत नसे. अंतरासाठी जुनेच रडार. त्यामुळे नॅव्हिगेटरला दोन्ही यंत्रांच्या खुणांचा मेळ घालावा लागे. पुष्कळदा शत्रूच आपल्या मागे लागलेला असे. अशा वेळी ब्रॅहमने अवलंबिलेली युक्ती अशी: त्याला मागून येऊ द्यावयाचे, अंतर सुमारे सहा हजार फुटांवर येईपर्यंत सरळ उडत राहावयाचे, आणि मग एकदम कडक वळण घेऊन त्याच्या पाठीवर जावयाचे. वाचावयास हे सोपे आहे. प्रत्यक्षात याचा अर्थ असा की पाठीमागे मारेकरी येत आहे हे माहीत असून पुढच्या माणसाने मान न वळवता बसून राहावयाचे, आणि मागच्या माणसाने उच्चारलेल्या आकड्यावर विश्वास टाकावयाचा. आकडा चुकला तर दोघेही संपले.

१७ ऑगस्ट १९४३ च्या रात्री ५९६ ब्रिटिश बाँबफेकी विमाने बाल्टिक किनाऱ्यावरील पीनमुंडे येथील जर्मन अग्निबाण केंद्रावर गेली. त्यांपैकी चाळीस परत आली नाहीत. त्या रात्री ब्रॅहम डच किनाऱ्याजवळच्या बेटांवर होता. या वेळी मागच्या आसनावर ग्रेगरी नव्हता, हॅरी जेकब्स होता. जर्मनांच्या एका अनुभवी पथकाच्या मेसरश्मिट ११० जातीच्या विमानांशी त्यांची गाठ पडली आणि दोन विमाने त्यांनी पाडली. त्यांपैकी एकाचा वैमानिक गेऑर्ग क्राफ्ट मारला गेला. दुसऱ्याचा हाइन्त्स फिंके हा होता. त्याचे दोन्ही सोबती मेले. तो जखमी अवस्थेत हवाई छत्रीने उतरला.

यानंतर जे घडले ते आपण ब्रॅहमच्याच आत्मकथनातून जाणतो. छत्रीला लोंबकळणारा माणूस त्याला दिसला आणि त्याला संपविण्याच्या इराद्याने त्याने विमान त्याच्याकडे वळविले. मागून जेकब्स बोलला. त्याला सोडून दे, अशा अर्थाचे एक वाक्य. ब्रॅहम म्हणतो की त्या शब्दांनी तो भानावर आला, आणि त्याने विमान बाजूला घेतले. असे काही आपण करावयास निघालो होतो हे एका गौरवलेल्या योद्ध्याने अठरा वर्षांनी छापून प्रसिद्ध करावे, याचे मोल मला त्याच्या सर्व पदकांहून कमी वाटत नाही. ती कबुली त्याने दिली नसती तर ती गोष्ट कोणाला कळण्याचा संभव फार थोडा होता.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर १९४३ मध्ये अशा कृत्यास स्पष्टपणे मनाई करणारा बंधनकारक आंतरराष्ट्रीय करार नव्हता. १९२३ मध्ये हेग येथे तयार झालेल्या हवाई युद्धाच्या नियमावलीत, संकटातील विमानातून छत्रीने उतरणाऱ्यावर हल्ला करू नये असे कलम होते खरे, परंतु त्या नियमावलीला राष्ट्रांची मान्यता कधीच मिळाली नाही. हा नियम करारात आला तो १९७७ मध्ये, जिनीव्हा करारांच्या पहिल्या पुरवणीत. म्हणजे त्या रात्री त्या विमानात कायदा नव्हता, वरिष्ठ नव्हता, साक्षीदार नव्हता. होता तो एक दुसरा माणूस, आणि त्याचा आवाज वैमानिकाच्या कानाला जोडलेला होता. रोज रात्री जो आवाज 'डावीकडे', 'उजवीकडे' सांगत असे त्याच तारेवरून हे वाक्य आले. ते ऐकले गेले याचे कारण त्या सवयीत शोधावे असे मला वाटते. हा तर्क आहे, पुरावा नव्हे. परंतु ज्या माणसाचा आकडा न तपासता मानावयाचा त्याचा शब्दही विचार करण्यापूर्वीच मानला जाणे असंभाव्य नाही.

गोष्ट येथे संपली असती तर ती शाळेच्या पुस्तकात घालण्याजोगी झाली असती. ती संपत नाही. फिंके सुमारे अठरा तास समुद्रात राहिला आणि जर्मन बचावपथकाने त्याला उचलले. बरा होऊन तो पुन्हा उडू लागला. सप्टेंबर १९४३ मध्ये त्याला जर्मन सैन्याचा 'नाइट्स क्रॉस' मिळाला तेव्हा त्याच्या नावावर सत्तावीस विमाने होती. २६ फेब्रुवारी १९४४ रोजी तो मारला गेला तेव्हा चौपन्न. त्याने पाडलेली बहुतेक विमाने ब्रिटिश बाँबफेकी होती आणि लँकॅस्टर किंवा हॅलिफॅक्स विमानात सात माणसे असत. दावे काही प्रमाणात फुगलेले असतात हे धरले तरी हिशेब भयंकर आहे. जेकब्सने वाचविलेल्या एका माणसाच्या हातून पुढच्या सहा महिन्यांत त्याच्याच बाजूची शंभराहून अधिक माणसे गेली असणे शक्य आहे.

मग जेकब्स चुकला काय? हा प्रश्न माझ्या एका विद्यार्थ्याने वर्गात विचारला आणि मला तत्काळ उत्तर देता आले नाही. आज मी असे म्हणेन की हा हिशेब आपल्यापुढे आहे, जेकब्सपुढे नव्हता. त्याच्यापुढे एक छत्री होती. पुढील परिणामांची बेरीज करून मागच्या कृत्याला बरेवाईट ठरवावयाचे तर युद्धातील कोणत्याही दयेला जागाच उरणार नाही, कारण जिवंत सोडलेला प्रत्येक शत्रू पुन्हा शस्त्र उचलू शकतो. परंतु ज्यांची मुले त्या लँकॅस्टरांत होती त्यांच्यापुढे हे उत्तर घेऊन मी उभा राहू शकेन काय, याविषयी माझी खात्री नाही, आणि ती असल्याचे सोंग इतिहासकाराने आणू नये. या घटनेचे वर्णन करताना बहुतेक लेखक फिंकेचा पुढचा हिशेब एका ठिकाणी देतात आणि जेकब्सचे वाक्य दुसऱ्या ठिकाणी. ते दोन्ही एकाच परिच्छेदात असावयास हवेत.

२९ सप्टेंबर १९४३ च्या रात्री ब्रॅहमने आउगुस्ट गायगर या त्रेपन्न विमाने पाडलेल्या जर्मन वैमानिकास डच अंतर्गत समुद्रावर पाडले. गायगर छत्रीने उतरला, पण पाण्यात बुडून मेला. त्यानंतर ब्रॅहमला पथकावरून काढून विश्रांतीस पाठविण्यात आले. ते त्याला मानवले नाही. १९४४ च्या आरंभी तो बॅझिल एम्ब्री याच्या हाताखाली मुख्यालयात कामाला लागला आणि तेथून, हाती येईल त्या पथकाचे मॉस्किटो विमान मागून घेऊन, दिवसाउजेडी फ्रान्स आणि डेन्मार्कवर एकटाच धाडी घालू लागला. या काळातील त्याच्या लढायांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे विस्तार करण्याचे कारण नाही. एकूण २९ विमाने त्याच्या नावावर आहेत: एक ब्लेनहाइमवरून, एकोणीस ब्यूफायटरवरून, नऊ मॉस्किटोवरून. ही शेवटची नऊ दिवसा पाडलेली. अर्थात ज्यांना खऱ्या अर्थाने द्विवचनी म्हणावे ती बाकीची, आणि त्याची कीर्तीही मुख्यतः त्यांच्यावरच उभी आहे. तीन वेळा डीएसओ आणि तीन वेळा डीएफसी हे सन्मान मिळविणारे वैमानिक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.

२५ जून १९४४ रोजी डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावर रोबेर्ट श्प्रेकेल्स या जर्मन वैमानिकाने त्याला पाडले. ब्रॅहमने पेटलेले विमान रिंगक्यॉबिंगजवळच्या वाळूवर कसेबसे टेकविले. तो आणि त्याचा ऑस्ट्रेलियन नॅव्हिगेटर डॉन वॉल्श दोघेही वाचले आणि कैद झाले. श्प्रेकेल्सने वाळूवर धावणाऱ्या त्या दोघांवर गोळ्या झाडल्या नाहीत. पुढे तो ब्रॅहमला भेटला, आणि युद्ध संपल्यावर त्या दोघांची मैत्री जमली. ऑगस्टच्या त्या रात्रीचे ऋण येथे फिटले असे म्हणण्याचा मोह लेखकांना होतो. तो टाळावा. श्प्रेकेल्सला त्या रात्रीची वार्ताही नव्हती.

ब्रॅहमचे आत्मकथन 'स्क्रँबल' या नावाने १९६१ मध्ये निघाले. नाव जरा चुकलेच म्हणावे लागेल. 'स्क्रँबल' ही दिवसाच्या वैमानिकांची हाक: घंटा वाजली, धावत सुटले, एकेकजण आपापल्या विमानात. काळोखात, आधी डोळे सरावू देऊन, दोघांनी मिळून निघावयाच्या उड्डाणाला तो शब्द लागू पडत नाही. पुस्तकाच्या आत मात्र ग्रेगरी आणि जेकब्स यांना त्याने भरपूर जागा दिली आहे, आणि आपल्याला आलेला थकवा, चिडखोरपणा, घरच्यांकडे झालेले दुर्लक्ष यांविषयीही तो मोकळेपणाने लिहितो. ते वाचल्यावर असे वाटते की एक्क्याची दंतकथा ज्याच्याभोवती रचली गेली त्याला स्वतःला ती फारशी पटलेली नसावी.

१९५२ मध्ये तो कॅनडाच्या वायुदलात गेला आणि त्याच देशात स्थायिक झाला. मेंदूतील गाठीने ७ फेब्रुवारी १९७४ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. ढोलवाला ग्रेगरी त्याच्यानंतर पाव शतकाहून अधिक जगला. त्याच्या नावापुढेही डीएसओ आहे, डीएफसी दोनदा आहे, आणि त्यांच्या शेवटी, सार्जंटपणाची खूण म्हणून, ते पहिले मेडल.